प्लायचे वजन आणि मनगटावरचा भार

टेबल टेनिस खेळणारे आपण सारे रबर किती चिकट, स्पंज किती कठीण आणि प्लाय किती वेगवान याचा ऊहापोह तासन्‌तास करतो. परंतु हाती धरलेल्या बॅटचे एकूण वजन किती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वजन तिच्या कोणत्या भागात वसले आहे, हा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारीत नाही, आणि मनगट दुखू लागेपर्यंत त्याची दखलही घेतली जात नाही.

पुष्कळ वर्षे वापरलेली माझी प्लाय टेबलाच्या कडेवर आपटून मुठीपाशी दुभंगली, तेव्हा त्याच नावाची, त्याच पाच पदरी लाकडाची नवी प्लाय मी मागविली आणि तिच्यावर पूर्वीच्याच जातीची, पूर्वीच्याच जाडीची रबरे चढविली. सर्व तपशील जुळत होता; तरीही दुरून मारलेला फोरहॅण्डचा टॉपस्पिन पूर्वीपेक्षा जोरकस जात असताना, टेबलाजवळचा बॅकहॅण्ड मात्र नित्य उशिरा पोहोचू लागला, आणि कोपराच्या रोखाने आलेल्या चेंडूसाठी बॅट वेळेवर वळेना. सोबत्यांनी माझ्या पवित्र्यात दोष शोधले, कोणी पायांच्या हालचालीची तक्रार केली. परंतु स्वयंपाकघरातील काट्यावर दोन्ही बॅटी ठेवल्या, तेव्हा जुनी 172 ग्रॅम भरली आणि नवी 184.

लाकूड ही निसर्गाची निर्मिती आहे. अयुस, लिंबा, कोटो किंवा हिनोकी यांची घनता झाडागणिक, किंबहुना एकाच खोडाच्या भागागणिक बदलते, आणि म्हणून एकाच घडणीच्या दोन प्लायच्या वजनात पाच ते दहा ग्रॅमचे अंतर पडणे हा कारखान्याचा कसूर मानता येत नाही. रबरांचेही तसेच. कापून चिकटविलेले एक रबर सामान्यतः 40 ते 50 ग्रॅम भरते. म्हणजे 88 ग्रॅमच्या प्लायवर 45 ग्रॅमची दोन रबरे चढली की बॅटच्या वजनाचा निम्म्याहून अधिक हिस्सा रबरांचा होतो, आणि तो सगळाच्या सगळा पात्यावर बसतो, मुठीवर नव्हे. दुकानदार नुसती प्लाय हाती देऊन तिच्या हलकेपणाची ग्वाही देतो, तेव्हा अर्ध्या बॅटचीच परीक्षा झालेली असते.

हातोडा दांड्याच्या टोकाला धरला काय आणि लोखंडापाशी धरला काय, त्याचे वजन तेच राहते. फिरविताना मनगटाला जो विरोध जाणवतो तो मात्र पार बदलतो. हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सुमारे 157 मिलिमीटर लांबीचे पाते आणि 100 मिलिमीटरची मूठ धरून, मुठीच्या टोकापासून मोजले, तर पात्याच्या अगदी वरच्या कडेवरचा एक ग्रॅम हा पात्याच्या मध्यावरच्या दोन ग्रॅमइतका भार घालतो. कडेची पट्टी रुंद आणि जाड घेण्याची हौस असणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य ध्यानी ठेवावा.

नियमांचा येथे काही आधार मिळत नाही. मुंबईत 1952 साली भरलेल्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंजच्या बॅटने पुरुष एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. पुढे 1959 साली आवरणाच्या जाडीवर निर्बंध आले, आणि आजही स्पंजयुक्त रबर गोंद धरून 4 मिलिमीटरहून जाड चालत नाही. प्लायच्या जाडीपैकी किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असला पाहिजे, हीही अट आहे. वजन मात्र सर्वस्वी खेळाडूच्या मुखत्यारीत ठेवलेले आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की, प्लाय घेताना विक्रेत्याकडून तिचे प्रत्यक्ष वजन लेखी मागावे, रबरे वेगळी तोलावीत, आणि बॅट सिद्ध झाल्यावर ती आडव्या पेन्सिलीवर तोलून तोलाचा बिंदू मुठीच्या टोकापासून किती अंतरावर पडतो ते वहीत नोंदवावे. जी बॅट हाताला मानवली तिचे एकूण वजन आणि तोलाचा बिंदू, हे दोन आकडे हाच पुढील खरेदीचा दाखला. जड बॅट निषिद्ध आहे असे मी मुळीच म्हणत नाही. टेबलापासून मागे सरून लूप मारणाऱ्यास तिचा जोर उपकारक ठरतो, आणि ब्लॉक करताना वेगवान चेंडूने ती सहसा डळमळत नाही. टेबलाला चिकटून दोन्ही बाजूंनी झपाट्याने खेळणाऱ्यास आणि वाढत्या वयाच्या मुलांस मात्र पात्याकडचा भार कमी हवा. आईबापांनी मुलाच्या हाती नामांकित खेळाडूची बॅट देण्यापूर्वी मुलाच्या मनगटाकडे पाहावे.

मुठीला पट्टी गुंडाळून किंवा शिसे लावून तोल सुधारण्याची वहिवाट आहे, आणि त्याने बॅट हातात स्थिर वाटते हे खरे; पण तोलाचा बिंदू मागे सरकला म्हणून पात्यावरचा भार तिळमात्र कमी होत नाही, उलट एकूण वजन वाढते. मनगट दुखत असेल तर इलाज पात्यावरच करावा: बॅकहॅण्डचे रबर हलक्या जातीचे किंवा पातळ स्पंजचे घ्यावे. मीही अखेर तेच केले, आणि उशिरा पोहोचणारा बॅकहॅण्ड हळूहळू ठिकाणावर आला.

सामना चालू असताना, अपघाताने निकामी झाल्याखेरीज बॅट बदलण्याची मुभा नसते, आणि असा प्रसंग ऐन अटीतटीच्या वेळीच ओढवण्याचा संभव अधिक. म्हणून राखीव बॅट केवळ नावाने नव्हे, तर वजनाने आणि तोलाने जुळवून ठेवावी. दोन प्लायपैकी जी हलकी तिच्यावर जड रबरे आणि जी जड तिच्यावर हलकी रबरे चढविली, की अंतर पुष्कळसे भरून निघते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड ओलावा शोषून एक-दोन ग्रॅम वाढते, तेव्हा दोन्ही बॅटींचे वजन एकाच दिवशी, एकाच काट्यावर घ्यावे.