नवीन मॅकवर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर चालेल का? आधी प्रोसेसर बघा

व्हिडिओत स्क्रीनवर जे भराभर दाखवलं, ते इथे जरा निवांत बघू.

दुकानात दहा वर्षं विंडोजवरचं बिलिंग सॉफ्टवेअर चालतंय. आता मॅकबुक घेतलाय. जुना पीसी विकून टाकायचा का? थांबा, घाई नको.

जुन्या पीसीतला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर एक्स८६ ही भाषा बोलतो. ॲपलने २०२० पासून मॅकमध्ये स्वतःच्या एम सिरीजच्या चिप घातल्या, त्यांची भाषा एआरएम. दोन्हीकडे भाषा एकच असली तर आतल्या विंडोजला प्रोसेसर थेट वापरता येतो, याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. भाषा वेगळी असली की मध्ये दुभाषा बसवावा लागतो. ते एम्युलेशन.

आता दुभाषा कुठे बसवायचा, यावर सगळा खेळ आहे.

पहिला रस्ता: मॅकवर एआरएमचं विंडोज ११ टाकायचं. पॅरलल्समध्ये ते व्हर्च्युअलायझेशनने, म्हणजे वेगात चालतं. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर एक्स८६ चं असलं तरी विंडोज ११ मध्येच त्याच्यासाठी दुभाषा आहे. बहुतेक दुकानदारांना एवढं पुरतं. पण हा दुभाषा फक्त ॲप्लिकेशनचं भाषांतर करतो, ड्रायव्हरचं नाही! ड्रायव्हर एआरएमचाच लागतो. म्हणून सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, गाडी इथे अडते. सॉफ्टवेअर उघडतं, पण टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी सहीच होत नाही. विक्रेत्याला आधीच विचारा, "एआरएम विंडोजचा ड्रायव्हर आहे का?" टोकनचा मॅकसाठी ड्रायव्हर मिळत असेल तर अजून उत्तम.

दुसरा रस्ता: अख्खा एक्स८६ पीसीच खोटा उभा करायचा. क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. फॅब्रिस बेलार्ड यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. मॅकवर ते यूटीएम या ॲपमधून वापरणं सोपं. नवीन मशीन बनवताना 'एम्युलेट' निवडा आणि आर्किटेक्चर एक्स८६_६४ ठेवा. गंमत म्हणजे आतलं विंडोज खरोखर एक्स८६ चं असल्याने जुना ड्रायव्हरही त्यात बसतो आणि यूएसबी टोकन आत जोडून बघता येतं. किंमत मोजावी लागते ती वेगाची. विंडोजसकट प्रत्येक सूचनेचं भाषांतर होतं. विंडोज ७ वरचं हलकं सॉफ्टवेअर सोसवतं. विंडोज १० किंवा ११ असं चालवून काउंटरवर बिलं फाडायचा विचार सोडा, गिऱ्हाईक निघून जाईल.

विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सर्वसाधारण सुरक्षा अपडेट नाहीत, तेव्हा त्या मशीनचं नेटवर्क बंदच ठेवा. जुना हिशोब बघायला नेट लागत नाही. लायसन्सचंही बघा, पीसीसोबत आलेलं विंडोज सहसा त्या पीसीपुरतंच असतं.

फॉक्सप्रोच्या जमान्यातलं डॉसवरचं सॉफ्टवेअर असेल तर तुम्ही सुटलात. डॉसबॉक्स-एक्समध्ये ते मजेत चालतं, कारण त्या काळच्या प्रोसेसरची नक्कल करणं आजच्या चिपला जड नाही. त्यात प्रिंटिंगचीही सोय आहे.

जुना पीसी विकायच्या आधी डेटाचा बॅकअप नव्या मशीनमध्ये उघडा, एक जुनं बिल छापा, टोकनने एक सही करा आणि मार्चअखेरचा ताळेबंद दोन्हीकडे जुळवून बघा. चारही जमलं तरच गिऱ्हाईक शोधा.