बर्फाच्या डोंगरातली फुले आणि गुराखी पोरे

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेला लेसोथो नावाचा एक छोटा देश आहे. केवढा छोटा? आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा. वस्ती वीस लाखांहून थोडी जास्त. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिका हा मोठा देश, आणि मध्ये हा, ताटात वाटी ठेवावी तसा. पूर्वी तेथे इंग्रजांचा अंमल होता. १९६६ साली देश स्वतंत्र झाला. तेथल्या लोकांना बासोथो म्हणतात. त्यांच्या भाषेचे नाव सेसोथो.

हा सगळा मुलूख डोंगरी आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. लेसोथोत अगदी खोलातली जागासुद्धा १४०० मीटरवर आहे. म्हणजे आपला जवळजवळ डोंगरमाथा, तो त्यांचा तळ! आणि त्यांचे सर्वांत उंच शिखर, थाबाना न्टलेन्याना, ३४८२ मीटर आहे. एवढे मोठे शिखर, पण त्या नावाचा अर्थ काय, तर 'सुंदर छोटा डोंगर'. तिथला दगड मात्र आपल्या ओळखीचा. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, लाव्हारस थिजून झालेला.

तेथले ऋतू आपल्या उलट. आपण पौषात शेकोटीभोवती बसतो, तेव्हा तेथे उन्हाळा असतो. त्यांचा पाऊसही उन्हाळ्यातच पडतो. आपल्याकडे आषाढसरी कोसळतात, तेव्हा तिकडे डोंगरावर बर्फ पडते. वर झाडे जवळजवळ नाहीतच. नुसते गवत, खुरटी झुडपे आणि खडक.

आता तुम्ही म्हणाल, अशा जागी फुले कसली? पण उन्हाळ्यात पाऊस पडला की उतार रंगून जातात. साताऱ्याजवळचे कास पठार ज्यांनी भादव्यात पाहिले असेल, त्यांना हे लगेच पटेल. झाडे जमिनीला चिकटून वाढतात, कारण वर डोके काढले की वारा मोडून टाकतो. काहींच्या पानांवर पांढरी लव असते. ही लव म्हणजे त्यांची घोंगडीच. एक फूल कागदासारखे असते. वाळले तरी त्याचा रंग जात नाही, पाकळ्या गळत नाहीत. ओलसर जागी आणखी एक फूल उगवते. उभा दांडा आणि वर लालभडक तुरा, जणू भट्टीत तापवलेली सळई.

या सगळ्यांत नवलाची वनस्पती म्हणजे खारेत्सा. ही कोरफडीच्या जातीची आहे. रानात ती फक्त लेसोथोच्या डोंगरांत उगवते. तिची पाने पाच रांगांनी, गोल गोल फिरत लागतात. वरून पाहिले तर वाटते, कोणी बसून चक्रच आखले आहे. काही झाडांची चक्रे उजवीकडे फिरतात, काहींची डावीकडे. एवढी देखणी, म्हणून लोकांनी ती उपटून विकायला सुरुवात केली. पण रानातून उपटलेले झाड दुसरीकडे बहुधा जगत नाही. विकणाऱ्याला चार पैसे मिळतात, घेणाऱ्याचे झाड मरते, आणि डोंगर उघडा पडतो. हा कसला व्यापार? आता सरकारने ती उपटायला कायद्याने बंदी केली आहे.

फुलांच्या पलीकडेही एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीच मोठी. उंचावर पाणथळ जागा आहेत. तेथली माती बोळ्यासारखी पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. त्यातून झरे निघतात, झऱ्यांची सेंकू नदी होते. पुढे तिलाच ऑरेंज म्हणतात. ती पार अटलांटिक महासागराला मिळते. १९८६ साली लेसोथो आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात करार झाला. कात्से येथे १८५ मीटर उंच धरण बांधले. त्याचे पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेला जाते आणि लेसोथोला त्याचे पैसे मिळतात. आता बघा, वरची पाणथळ जागा गुरांच्या खुरांनी तुडवली, तर माती वाहून जाते, ओघळी पडतात, झरे आटतात. मग धरणात यायचे काय? गाळ!

पण गुरे तरी कोठे न्यावी? बासोथो लोकांचे धन म्हणजे गाई, मेंढ्या, शेळ्या. लोकर विकून घर चालते. म्हणून त्यांच्यात जुनी रीत आहे. गावचा मुखिया काही कुरण ठरावीक काळ बंद करतो. तेथे कोणी जनावर घातले, तर ते धरून नेतात आणि दंड भरावा लागतो. आपल्याकडचा कोंडवाडाच म्हणा ना. ही रीत जेथे पाळतात तेथे गवत टिकते. जेथे पाळत नाहीत तेथे गवत जाऊन गुरे न खाणारी झुडपे माजतात.

गुरे राखतात कोण? पोरे. पाच-सहा वर्षांचा मुलगासुद्धा मेंढ्यांमागे जातो. उन्हाळ्यात मोठी मुले कळप घेऊन उंच डोंगरावर जातात. तेथे दगडी भिंतीची, गवताने शाकारलेली झोपडी असते. अंगावर जाड लोकरी पांघरूण. हे पांघरूण तेथे बायामाणसे सगळीच वापरतात, लग्नातसुद्धा. झोपडीत मक्याच्या पिठाची घट्ट लापशी खायची, महिनोन् महिने घर पाहायचे नाही.

मग शाळा? ती राहूनच जाई. मुली शाळेत जात, मुलगे डोंगरावर. त्यामुळे लेसोथोत बायका जास्त शिकलेल्या आणि पुरुष मागे, असे झाले. आपण नेहमी पाहतो त्याच्या नेमके उलट! २००० सालापासून सरकारने प्राथमिक शाळेची फी टप्प्याटप्प्याने बंद केली. २०१० साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण कायदा झाला म्हणून मेंढ्या आपोआप चरून घरी येत नाहीत. म्हणून काही गावांत गुराख्यांसाठी रात्रीचे वर्ग चालतात. मेंढ्या वाड्यात कोंडल्या की पोरे हातातली काठी दाराशी ठेवतात आणि पांघरूण घेऊन अक्षरे गिरवायला बसतात.