गुडघ्यातली गादी

घाटकोपरच्या टेकडीवर बायाबापड्या पाण्याचा हंडा घेऊन चढतात. शेतकरी लावणीला वाकतो. पोरे कबड्डी खेळतात. या सगळ्यांचा भार गुडघ्यावर येतो. म्हणून गुडघ्यात काय असते, ते आज आपण समजून घेऊ.

वर मांडीचे हाड. खाली नडगीचे हाड. दोहोंच्या मध्ये दोन गाद्या असतात. एक आतल्या अंगाला, दुसरी बाहेरच्या. या गाद्या कापसाच्या नव्हेत. आपला कान दाबून पाहा. तो वाकतो, पण मोडत नाही. कानात जी असते तिला कूर्चा म्हणतात. गुडघ्यातली गादीही कूर्चेचीच, पण फार चिवट.

डोक्यावर घागर घेताना बाई आधी चुंबळ ठेवते. चुंबळीमुळे घागर हलत नाही आणि भार एका जागी टोचत नाही. गुडघ्यातली गादी हेच काम करते. ती काठाला जाड आणि मध्याकडे पातळ असते. आतली गादी चंद्रकोरीसारखी असते. बाहेरची जास्त गोल असते.

पण सगळ्यांची नाके सारखी नसतात, तशा गाद्याही सारख्या नसतात. काहींची बाहेरची गादी मधोमध भरलेली असते. चुंबळीच्या जागी जणू भाकरीच! कोणाची पुरी भरलेली, कोणाची अर्धवट. कोणाच्या गादीचा मागचा बंधच नसतो. ती सैल राहते. 1889 साली यंग नावाच्या डॉक्टरांनी अशा गादीची नोंद केली. जपान व कोरियात अशी माणसे जास्त आढळतात. आपल्याकडेही आढळतात.

हा आकार म्हणजे रोग नव्हे. पुष्कळांना तो जन्मभर कळतही नाही. पण अशी गादी लवकर फाटते.

मुलाचा गुडघा नुसता खटकन वाजला, तर घाबरू नये. मात्र गुडघा दुखतो, सुजतो, अडकतो, सरळ होत नाही, असे झाले तर डॉक्टरांना दाखवावे. कोणाकडून चोळून किंवा झटका देऊन घेऊ नये. फाटलेली गादी त्याने आणखी फाटेल. अंधेरीजवळ कूपर आणि घाटकोपरला राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये आहेत. तेथे हाडांचे डॉक्टर असतात. क्ष-किरणांच्या फोटोत गादी दिसत नाही. एमआरआय तपासणीत दिसते.

पूर्वी बिघडलेली गादी सगळीच काढून टाकीत. पुढे हाडे झिजत आणि माणूस लंगडे. 1962 साली टोकियोत डॉक्टर मासाकी वातानाबे यांनी दुर्बीण घालून गादीचा फाटका भाग तेवढाच काढला. आता डॉक्टर काठ राखतात, मधला भाग कोरतात, जमेल तेथे टाके घालतात. म्हणून शस्त्रक्रिया सांगितली तर विचारावे, "डॉक्टरसाहेब, गादी किती राखाल?" असे विचारण्यात लाज कसली? गुडघा आपला आहे.

सांगा पाहू :
1. गादीला चुंबळीची उपमा का दिली?
2. गुडघा डॉक्टरांना केव्हा दाखवावा?