सावलीतील हिरवे आच्छादन : मंडूकपर्णी

१९५२ साली चंडीगडची कोनशिला बसविण्यात आली. पुढे डॉ. महिंदर सिंग रंधावा यांच्या मार्गदर्शनाखाली या शहराच्या रस्त्यांवर वृक्षांच्या रांगा उभ्या राहिल्या. वृक्ष वाढले, तसे त्यांच्या छायेतील बागांचे स्वरूपही पालटले. हरळीला ऊन हवे असते. सावलीत ती विरळ होते आणि उघडी पडलेली माती पावसाने वाहून जाते. अशा जागी पुनःपुन्हा हरळी लावण्यापेक्षा मंडूकपर्णी लावणे श्रेयस्कर होय.

ही बहुवर्षायू भारतीय वनस्पती जमिनीलगत सरपटते. तिच्या पेरांपाशी मुळे फुटतात व लांब देठांवर वाटोळी, कातरलेल्या कडांची पाने येतात. ‘ब्राह्मी’ या नावाने हीही विकली जाते आणि नीरब्राह्मीही. परंतु नीरब्राह्मीची पाने लहान, जाड व बिनदेठाची असतात. म्हणून रोपे पाने पाहूनच घ्यावीत.

पावसाळा सुरू होताच लागवड करावी. वृक्षाची मुळे न दुखावता माती हलकेच मोकळी करून तीत कुजलेले शेणखत मिसळावे आणि मुळे फुटलेले तुकडे सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. जमीन झाकली जाईपर्यंत तण उपटत राहणे अगत्याचे असते.

खरी कसोटी मे-जूनमध्ये लागते. उष्ण वारे वाहू लागल्यावर मातीत ओल नसेल, तर ही वनस्पती सुकते. म्हणून नियमित पाणी देता येईल तेवढ्याच जागेत ती लावावी. उरलेल्या कोरड्या जागेत गळालेला पाला पसरू द्यावा; मातीचे रक्षण तोही करतो.