सूत्रसंचालकाची निवड : टोनी पुरस्कार सोहळ्याच्या निमित्ताने



सूत्रसंचालनाची भाषा, संहितालेखन आणि उच्चार यांचा विचार आपण याआधी केला. हे सारे गुण ज्याच्या अंगी हवेत, तो माणूस निवडायचा कसा, हा प्रश्न मात्र राहिला आहे. आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकत आहेत. कार्यालयात, शाळेत, गणेशोत्सव मंडळात कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारीही आपल्यावर येत असेल. तेथे मंडप, हार-तुरे आणि पाहुण्यांची गाडी आधी ठरते. बोलणारा माणूस शेवटी आठवतो. ‘त्याला बोलता येते ना, मग उभा करा त्याला’ एवढ्यावर निवड आटोपते. या सवयीची किंमत केवढी असू शकते, हे समजण्यासाठी या घटकात आपण एका मोठ्या सोहळ्याचे उदाहरण घेणार आहोत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील नाटकांना दिले जाणारे टोनी पुरस्कार आणि त्या सोहळ्याचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण, हे ते उदाहरण होय.

४.१ दोन प्रेक्षागृहे

अभिनेत्री व दिग्दर्शिका अँटोनेट पेरी यांच्या स्मरणार्थ १९४७ साली हे पुरस्कार सुरू झाले. पहिला सोहळा न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात, मेजवानीच्या स्वरूपात झाला. तेथे जमलेले लोक एकाच व्यवसायातले, परस्परांना ओळखणारे होते. अशा मेळाव्यात सूत्रसंचालक कोण, हा प्रश्न फारसा बिकट नसतो. घरचे कार्य असते. चूक झाली तरी हसून साजरी होते.

१९६७ साली हा सोहळा प्रथमच राष्ट्रीय वाहिनीवरून देशभर दाखवण्यात आला आणि स्वरूप पालटले. आता प्रेक्षागृहे दोन झाली. एक समोरचे : त्यात नट, दिग्दर्शक, निर्माते, नेपथ्यकार बसलेले. दुसरे न दिसणारे : देशभरातील घराघरांतले. चित्रपटांच्या पुरस्कारांशी येथे तुलना करून पाहा. चित्रपट गावोगावी पोचलेला असतो. घरी बसलेल्या प्रेक्षकाने तो पाहिलेला असतो किंवा उद्या पाहता येतो. नाटकाचे तसे नाही. ते एका शहरात, एका नाट्यगृहात, त्या रात्रीपुरते घडते. हजारो मैलांवरच्या प्रेक्षकाने स्पर्धेतले एकही नाटक पाहिलेले नसण्याचीच शक्यता अधिक. जे पाहिले नाही आणि कदाचित कधी पाहणारही नाही, त्याच्या गौरवात तीन तास मन गुंतवायचे ते कोणाच्या भरवशावर? सूत्रसंचालकाच्या.

यात मोठा व्यवहारही गुंतलेला आहे. नामांकित संगीत नाटकांचे काही मिनिटांचे प्रवेश या सोहळ्यात सादर होतात आणि त्यांचा परिणाम दुसऱ्या दिवसापासून तिकीटविक्रीवर दिसतो. पुरस्कार हुकलेली काही नाटके पुढल्या काही आठवड्यांत बंद पडतात आणि नटांपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सर्वांचे काम सुटते. सूत्रसंचालक कंटाळवाणा निघाला व प्रेक्षकाने वाहिनी बदलली, तर त्याचा फटका अशा माणसांना बसतो.

४.२ प्रसिद्ध चेहरा की रंगभूमीचा माणूस?

निवडीच्या वेळी नेहमीच एक ओढाताण असते. वाहिनीला ओळखीचा चेहरा हवा असतो, तर रंगकर्मींना आपला माणूस. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्ही एकेकट्या अपुऱ्या आहेत. केवळ प्रसिद्ध असलेला पाहुणा सभागृहातील लोकांना परका वाटतो. आपल्याच घरच्या समारंभात कोणी भाड्याने आणलेला माणूस स्वागत करतो आहे, अशी त्यांची भावना होते. उलट, केवळ रंगभूमीवर नावाजलेला कलावंत आतल्या विनोदांत रमतो आणि घरचा प्रेक्षक खिडकीतून दुसऱ्याची मेजवानी पाहावी तसा पाहत राहतो.

पहिल्या प्रक्षेपणाचे सूत्रसंचालन मेरी मार्टिन आणि रॉबर्ट प्रेस्टन यांनी केले. दोघेही त्या वेळी ब्रॉडवेवर एकाच संगीत नाटकात काम करत होते आणि रंगभूमीबाहेरही लोकांना ठाऊक होते. पुढे यशस्वी ठरलेल्या बहुतेक निवडींत हाच धागा दिसतो. सर्वांत बोलके उदाहरण अँजेला लॅन्सबरी यांचे आहे. त्यांनी एकूण पाच वेळा ही जबाबदारी सांभाळली. पैकी १९८७ ते १९८९ अशी सलग तीन वर्षे त्या व्यासपीठावर होत्या, तेव्हा त्यांच्या नावावर अभिनयाचे चार टोनी पुरस्कार होते. शिवाय सोहळा दाखवणाऱ्या वाहिनीवरच त्यांची रहस्यमालिका घरोघरी पाहिली जात होती. सभागृहाला त्या आपल्या वाटत आणि घरच्या प्रेक्षकालाही आपल्याच वाटत. यापेक्षा सोपे गणित क्वचितच जुळते.

१९९७ मध्ये निवडलेल्या रोझी ओडोनेल यांचा मार्ग निराळा. त्यांचा रोजचा गप्पांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होता आणि तेथे त्या ब्रॉडवेवरील नटमंडळींना हौसेने बोलवीत. त्यांनी स्वतः ब्रॉडवेवर कामही केले होते. पण त्यांची खरी शिदोरी म्हणजे नाटकाविषयीचे वेड. जिने नाटक पाहण्यासाठी रांगेत उभे राहण्याचा आनंद घेतला आहे, अशी प्रेक्षक म्हणून त्या बोलत. माझ्या मते ही पात्रता अभिनयाच्या पुरस्काराहून कमी मोलाची नाही.

ह्यू जॅकमन चित्रपटांतील साहसवीर म्हणून जगाला परिचित होते. २००३ पासून सलग तीन वर्षे त्यांनी सूत्रसंचालन केले तेव्हा हा गडी गातो आणि नाचतोही, हे अनेक प्रेक्षकांना नव्याने कळले. त्यांच्यानंतर, २००६ आणि २००७ मध्ये, आयोजकांनी सूत्रसंचालकच नेमला नाही; पुरस्कार देणारे कलावंत एकामागून एक येत राहिले. २००८ पासून पुन्हा सूत्रसंचालक नेमला जाऊ लागला. दोरा काढून घेतला की मणी मणीच राहतात, त्यांची माळ होत नाही.

४.३ आपल्या परंपरेतील सूत्रधार

येथे क्षणभर थांबून आपल्या सूत्रधाराकडे पाहू. नाट्यशास्त्र सूत्रधाराकडून गीत, वाद्य आणि पाठ्य यांच्या ज्ञानाची अपेक्षा करते. नुसत्या वक्तृत्वावर ते समाधान मानत नाही. ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाची प्रस्तावना आपल्याला आठवत असेल. सूत्रधाराच्या सांगण्यावरून नटी ग्रीष्म ऋतूचे गीत गाते. ते ऐकून तो इतका तल्लीन होतो की आज कोणते नाटक करायचे हेच विसरतो. नटी आठवण करून देते, तेव्हा तो म्हणतो की वेगवान हरणाने दुष्यंत राजाला ओढून न्यावे तसे तुझ्या गीताने मला ओढून नेले. आणि दुसऱ्याच क्षणी तो राजा हरणाच्या मागे धावत रंगमंचावर येतो.

सूत्रधार आधी स्वतः रसिक झाला, मग प्रेक्षकाचा हात धरून त्याने त्याला नाटकात नेले आणि काम होताच बाजूला झाला. सूत्रसंचालकात नेमके काय शोधायचे, हे या छोट्या प्रवेशात आले आहे. यातले तिसरे, बाजूला होणे, सर्वांत दुर्मीळ.

४.४ संहिता संपते तेथे

चांगली संहिता सामान्य सूत्रसंचालकालाही तासभर तारून नेते. निवड योग्य होती की नाही हे अनपेक्षित प्रसंगी कळते. १२ जून २०१६ च्या पहाटे अमेरिकेतील ऑरलँडो येथे एका नाइटक्लबमध्ये झालेल्या गोळीबारात ४९ जणांचे प्राण गेले. त्याच संध्याकाळी टोनी सोहळा होता. सूत्रसंचालक होते जेम्स कॉर्डन, मुळात विनोदी नट. सोहळा रद्द झाला नाही. आरंभी कॉर्डन यांनी मृतांविषयी मोजक्या शब्दांत शोक व्यक्त केला आणि त्यानंतर ठरलेले उत्सवी गीत झाले. शोकातून आनंदाकडे नेणारी ती चार पावले टाकणे किती अवघड असते! शब्द थोडे जास्त झाले तर ते दिखाऊ वाटतात, कमी झाले तर निष्ठुर. विनोद करणाऱ्याला गांभीर्य पेलेल का, हे निवड करतानाच पाहावे लागते. त्या दिवशी पाहण्यास वेळ नसतो.

दुसरा प्रसंग २०२३ चा. अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप चालू होता आणि सोहळ्यात लिखित निवेदन वापरायचे नाही, या अटीवर तो होऊ शकला. सूत्रसंचालिका एरियाना डिबोस यांनी आरंभीच हातात एक संहिता घेतली. तिची पाने कोरी होती. मग एकही शब्द न उच्चारता, केवळ नृत्यातून त्यांनी सोहळा उघडला. त्या मूळच्या नर्तिका, ब्रॉडवेच्या समूहनृत्यांतून पुढे आलेल्या. केवळ शब्दांवर पोट भरणारा निवेदक त्या रात्री उघडा पडला असता.

२०१८ मध्ये सारा बरेलिस आणि जॉश ग्रोबन या गायक जोडीने केलेला आरंभही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोघांपैकी कोणालाही टोनी मिळालेला नव्हता. त्यांनी आपले पहिले गाणे पुरस्कार न मिळणाऱ्यांसाठी गायले. सभागृहात नामांकन मिळालेल्यांपैकी बहुतेकजण रिकाम्या हाताने परतणार असतात, हे विजेत्यांच्या गडबडीत सूत्रसंचालक सहसा विसरतो. ज्याने स्वतः हार पाहिली आहे, त्याला ते सांगावे लागत नाही. शेजारी बसलेल्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर विनोद करणारा माणूस कितीही हजरजबाबी असो, आपण त्याला निवडू नये.

स्वाध्याय

आपल्या जिल्ह्यात झालेल्या एकांकिका स्पर्धेचा पारितोषिक वितरण समारंभ स्थानिक केबल वाहिनीवर दाखवला जाणार आहे. सूत्रसंचालनासाठी तीन नावे पुढे आली आहेत. पहिला, मालिकांमुळे घरोघरी परिचित असलेला नट. त्याने स्पर्धेतील एकही एकांकिका पाहिलेली नाही, परंतु समारंभाच्या दोन दिवस आधी येण्यास तो तयार आहे. दुसऱ्या, तीस वर्षे हौशी रंगभूमीवर वावरलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी सर्व प्रयोग पाहिले आहेत, पण कॅमेऱ्यासमोर त्या कधी उभ्या राहिलेल्या नाहीत. तिसरी, आकाशवाणीवरील अनुभवी निवेदिका; तिचा भाऊ अंतिम फेरीतील एका संघाचा दिग्दर्शक आहे. आपण कोणाला निवडाल? आपला निर्णय आणि उरलेल्या दोघांना तो कोणत्या शब्दांत कळवाल, हे सुमारे ३०० शब्दांत लिहा.