पाच सैनिक आणि पातळ रंग



मागच्या सत्रात आठवीच्या एका विद्यार्थ्याचा डबा मी जप्त केला. डब्यात जेमतेम दीड इंच उंचीचे पाच प्लास्टिकचे सैनिक होते. तास चालू असताना तो बाकाखाली त्यातल्या एकाला रंग लावत होता. त्याचे वडील भेटायला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, डबा तुमच्याकडेच राहू द्या. अभ्यास सोडून खेळण्यांना रंग लावत बसतो."

डबा तीन आठवडे माझ्या कपाटात राहिला. एक दिवस कपाट आवरताना मी तो उघडला आणि चष्मा लावून पाहत बसले. एका सैनिकाच्या चिलखताची प्रत्येक कड केसाएवढ्या बारीक रेघेने उजळलेली होती. एवढा वेळ एका जागी बसून काम करणाऱ्या मुलाला अभ्यासाचा कंटाळा कसा, हा प्रश्न मला पडला. मी त्याला बोलावले आणि म्हटले, "हे कसे करतोस, मला शिकव." पुढच्या दोन शनिवारी जे शिकले ते येथे लिहीत आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, भाषेत काही उणे राहिल्यास सांभाळून घ्यावे.

हे सैनिक कोठले?

खेळण्यातल्या सैनिकांची लढाई मांडण्याचा छंद इंग्लंडमध्ये जुना आहे. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा खेळाचे नियम दिले. १९८७ साली गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ काढला. तिचे मुख्यालय आज नॉटिंगहॅम येथे आहे. खेळाची कथा एकेचाळिसाव्या सहस्रकात घडते. त्यातील चिलखतधारी योद्ध्यांना 'स्पेस मरीन' म्हणतात. त्यांच्या दलांचे रंग ठरलेले असतात: 'अल्ट्रामरीन्स' निळे, 'ब्लड एंजल्स' लाल. डब्यात मात्र राखाडी प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले सुटे भागच मिळतात. कापणे, चिकटवणे, रंगवणे हे सर्व स्वतःच करायचे. या मुलाला ते इंग्लंडला असलेल्या मामाने आणून दिले होते.

रंगकामाचा क्रम

१. सफाई. भाग कटरने कापावेत. साच्याच्या दोन बाजू जुळतात तेथे बारीक रेघ उठते, ती खरवडून काढावी. नंतर साबणाच्या पाण्याने धुवावे, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

२. प्रायमर. घराच्या भिंतीला लावतो तसाच येथेही प्रायमर लागतो. गुळगुळीत प्लास्टिकवर ॲक्रिलिक रंग पकड घेत नाही. स्प्रे मोकळ्या हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली, तोंडाला मास्क लावून, साधारण एक वीत अंतरावरून हलका फिरवावा. पावसाळी दमट हवेत हे काम करू नये, थर खरखरीत होतो.

३. मुख्य रंग. रंगात थोडे पाणी घालून तो दुधासारखा पातळ करावा. एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ थर द्यावेत. पहिला थर डागाळलेला दिसतो, घाबरू नये. तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा.

४. सावली. एवढ्या लहान वस्तूवर खऱ्या उजेडाची सावली ठळक पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. 'वॉश' म्हणजे अगदी पातळ गडद रंग. तो ओघळून खाचांत साचतो आणि उंचवटे वेगळे दिसू लागतात.

५. उजेड. ब्रशवर फिकट रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाकावा आणि उंचवट्यांवर हलकेच फिरवावा. याला 'ड्राय ब्रश' म्हणतात. चिलखताच्या कडांना मात्र बारीक टोकाच्या ब्रशने रेघ ओढावी लागते.

६. जमीन. पायाखालच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून बारीक वाळू टाकावी आणि वाळल्यावर रंगवावी.

तुकडी रंगवताना एक सैनिक पूर्ण करून दुसरा घेऊ नये. एकच रंग पाचही जणांना लावावा. पाचवा होईपर्यंत पहिला वाळलेला असतो. शिवाय मिसळून तयार केलेली छटा दुसऱ्या दिवशी तशीच जमत नाही, म्हणून ती एकाच बैठकीत संपवलेली बरी. आमच्या माळव्यात मे महिन्यात रंग ताटलीतच सुकतो. मुलाने त्यावर उपाय केला होता: डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर. त्यावर रंग पुष्कळ वेळ ओला राहतो.

माझी चूक

हे सर्व ऐकूनही मी रंग बाटलीतून जसाच्या तसा घेतला. सैनिकाच्या शिरस्त्राणाची जाळी, डोळे, सर्व लाल लगद्यात बुडाले. मी ओशाळून म्हटले, "घरून नेलपॉलिश काढायचे औषध आणते." मुलगा एकदम म्हणाला, "नको मॅडम! ॲसिटोनने प्लास्टिकच विरघळेल. माझा पहिला सैनिक तसाच गेला." त्याने तो सैनिक घरी नेला. वडिलांना सोबत घेऊन गच्चीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवला आणि जुन्या टूथब्रशने साफ केला. पुढच्या शनिवारी सैनिक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आता पुन्हा लावा. पातळ." त्या दिवशी वडीलही आले होते. चकत्यांवर वाळू त्यांनीच टाकली.

डबा मी परत केला. तासाला ब्रश चालणार नाही, हा नियम कायम आहे, पण त्याच्या हातातले काम न पाहता मी डबा तीन आठवडे कपाटात ठेवला, ही चूक माझी.

हे सैनिक महाग असतात. कोणीही पालकांकडे हट्ट धरू नये. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आपल्या घरी असतात, हेच काम त्यांच्यावर करता येते. विश्वस्त मंडळास विनंती आहे की चित्रकला वर्गातील खिडकीजवळचे एक टेबल शनिवारी यासाठी द्यावे.

करून पाहा

१. एका मावळ्याला एक जाड थर आणि दुसऱ्याला दोन पातळ थर द्या. चेहऱ्यात काय फरक दिसतो ते लिहा.

२. पाच मावळे एकेक करून, मग पाच एकत्र रंगवा. लागलेला वेळ नोंदवा.

३. ब्रश पाण्यात उभा ठेवू नका, टोक वाकते. तोंडातही घालू नका. धुऊन, टोक बोटांनी जुळवून आडवा ठेवा.

आपली,
मुख्याध्यापिका