घर दाखवताना उजेडाचं गणित



निवृत्तीच्या आसपास आपल्यातले बरेच जण जुनं घर विकून मुलांजवळ जायचं ठरवतात. आयुष्यभराची कमाई त्या एका व्यवहारात अडकलेली असते, आणि घेणारा वीस मिनिटांत घर बघून निघून जातो. खोल्यांची मापं तो नंतर विचारतो. आत पाऊल टाकताच त्याला आधी कळतं ते एवढंच, की घर उजेडाचं आहे की अंधारं.

नागपुरात यात एक खास अडचण आहे. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीया हे घरखरेदीचे मुहूर्त येतात मार्च ते मे या काळात, आणि नेमकं तेव्हाच आपलं घर वर्षातलं सर्वांत काळोखं असतं. पारा ४५ अंशांकडे धावतो, म्हणून सकाळी दहालाच खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. हॉलच्या एकुलत्या मोठ्या खिडकीत कुलर. कित्येक घरांत तर तो दिवाळीतही तिथेच असतो, प्लास्टिकचं कव्हर घालून! घर दाखवायचं असेल त्या दिवसांपुरता तरी कुलर खिडकीतून काढा. नव्या झुंबरापेक्षा याचा उपयोग जास्त, आणि खर्च शून्य.

आता थोडा भूगोल. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपण त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्या दिवसापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. एप्रिलमध्ये तो जरा दक्षिणेकडे असतो खरा, पण इतका उंच की दोन फुटांचा छज्जा पुरतो. तरी आपण सवयीने दक्षिणेचा पडदाही ओढून घेतो. तो उघडा, काच मात्र बंद ठेवा. झळा बाहेर राहतील, उजेड आत येईल. खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा असतो, तिचा पडदा राहू द्या.

डिसेंबरात चित्र उलटं. दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. छज्जा आडवा आला नाही, तर खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, तितकंच ऊन आत पोचतं. सात फुटांवर कड असेल तर सात फूट. वर्गात त्रिकोण काढून दाखवा, मुलांना लगेच पटतं. दक्षिणेचा हॉल असेल तर हिवाळ्यात भर दुपारी घर दाखवा. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठ ते दहा. दुपारीच यायचं म्हणाले तर आधी व्हरांड्यात बसवून पाणी द्या. प्रखर उन्हातून आलेल्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात. तोवर चांगली खोलीही गुहेसारखी दिसते.

दिव्यांचं काय? नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. सगळा प्रकाश जमिनीवर पडला असं धरलं तरी सुमारे ८० लक्स. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स सहज असतात, त्यातला एक टक्का आत आला तरी १००. म्हणून आधी खिडकी, मग बल्ब.

तरी मधल्या खोलीला बल्ब लागतोच. महालातल्या जुन्या वाड्यांत मधल्या खोल्यांना चौकातून उजेड मिळायचा. लेआउटमधल्या खेटून बांधलेल्या घरांत तो मिळत नाही. तिथे एका भिंतीवरच्या ट्यूबलाइटने कोपरे काळेच राहतात. दोन-तीन लहान दिवे वेगवेगळ्या ठिकाणी लावा, आणि खोक्यावरचा केल्विनचा आकडा सारखा बघून घ्या. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० पिवळसर. एकाच खोलीत दोन्ही मिसळले की भिंतीचा रंग मळकट वाटतो. भिंती पांढऱ्या किंवा फिक्या करा. आठवीच्या ‘प्रकाशाचे परावर्तन’ या पाठातलं अनियमित परावर्तन ते हेच: खरखरीत पांढरी भिंत प्रकाश चहूकडे पसरवते. गडद भिंत तो गिळून टाकते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ओल आलेल्या भिंतीसमोर झगझगीत दिवा लावून ती लपवता येते, आणि काही जण तसा सल्लाही देतात. तसं करू नका. घेणाराही कुणी आपल्यासारखाच पगारदार असतो, वीस वर्षांचं कर्ज काढून आलेला. ओल दाखवा, दुरुस्त करून द्या किंवा किमतीत धरा.

आणि घर तुम्ही घेणार असाल तर सगळे दिवे बंद करायला सांगा. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणारे पोपडे, फुगवटे, बुजवलेल्या भेगा सावल्यांमुळे उठून दिसतात. हाच प्रयोग वर्गातल्या फळ्यावर मुलांकडून करून घ्या, एक तासिका पुरते.